सेंट्रल पार्क: बाग सर्वांसाठी, पण गाव कोणाचं उठलं?

महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेला देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. कोस्टल रोडलगतच्या भरावाची जमीन जोडून तिथे 'सेंट्रल पार्क' करायचं आहे. नाव न्यूयॉर्कवरून घेतलेलं. मग ते मूळ पार्क कशासाठी बांधलं होतं?

एकोणिसाव्या शतकात मोठी बाग म्हणजे राजाची किंवा जमीनदाराची. 1850 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी इंग्लंडमध्ये सार्वजनिक पैशातून बांधलेलं बर्कनहेड पार्क पाहिलं. तिथे गरीबही श्रीमंतांच्याच वाटांवर फिरत होते. हे त्यांच्या मनात राहिलं.

1858 मध्ये ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा न्यूयॉर्कच्या स्पर्धेत पहिला आला. त्यातली खरी करामत रस्त्यांची आहे. शहराचे चार आडवे रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली नेले. पायी चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा वेगळ्या केल्या; जिथे त्या एकमेकींना छेदतात, तिथे पूल आणि कमानी. म्हणजे बग्गीवाल्यासाठी पायी चालणाऱ्याने बाजूला व्हायची गरज नाही. समतेचं भाषण न करता नकाशातच ती आणलेली. (श्रीमंतांना बघून गरीब 'सुधारतील', असाही सूर त्यात होता, हे खरं.)

पण त्या जागेवर आधीच लोक राहत होते. पार्कसाठी सुमारे 1,600 जणांना हटवलं गेलं. त्यातच होतं सेनेका व्हिलेज. 1825 पासून मुक्त कृष्णवर्णीयांनी तिथे जमिनी विकत घेतल्या होत्या. तीन चर्च होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मतदान करायचं तर 250 डॉलरची मालमत्ता लागायची; गोऱ्यांना अशी अट नव्हती. म्हणजे तिथल्या जमिनीचा तुकडा हा मताचा हक्कही होता. 1857 पर्यंत गाव रिकामं झालं. मोबदला मिळाला, पण वस्ती पुन्हा एकत्र उभी राहिली नाही.

रेसकोर्सवर असं गाव नाही. तरी प्रश्न तेच आहेत: फाटक कोणत्या बाजूला? बसने येणाऱ्याला किती चालावं लागेल? फुकट शौचालयं किती? बाकावर दुपारी कोणी आडवं झालं, तर रखवालदार उठवणार का? आराखडा बघताना झाडांच्या चित्रांआधी ही उत्तरं शोधा.