उघड्या कोडची राखण कोण करणार?

शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जाते. भिवंडी तालुक्यातच पडघ्याचे वीज उपकेंद्र आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्या बंद पडल्या, मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता मांडली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही घटना मानवी चूक ठरवली. खरे काय, हे तपासायला नागरिकांच्या हाती काहीच नव्हते.

मुक्त सॉफ्टवेअर नेमका हाच, स्वतः तपासण्याचा, हक्क देते. कोड सर्वांसमोर असतो, ज्याला शंका येईल त्याने उघडून पाहावा. पण पाहतो कोण?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीतील ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा असल्याचे जाहीर केले. दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना तो सापडला. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास कमावला होता. एक्सझेडचा मूळ सांभाळकर्ता लासे कॉलिन फिनलंडचा. हे काम तो बिनपगारी, फावल्या वेळात करत होता. तो थकला होता आणि काम वेगाने होत नाही म्हणून अनोळखी नावे त्याच्यावर दबाव आणत होती.

लबाडीही बारकाईने रचलेली होती. विषारी भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला, आणि तो जागा करणारी ओळ फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात; सार्वजनिक कोडमध्ये ती नव्हतीच. डेबियन, फेडोरा या लिनक्स-वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत हे बिघडवलेले साधन पोहोचलेही होते. कोड उघडा होता म्हणूनच फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आले, हे मुक्त सॉफ्टवेअरचे मोठे बळ. पण त्याला शंका आली हा योगायोग होता, आणि पाणी-विजेची व्यवस्था योगायोगावर सोडता येत नाही.

जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी सरकारी निधी सुरू केला. महाराष्ट्रातल्या ज्या महापालिका आणि वीज कंपन्या लिनक्स वापरतात, त्यांनी देखभालीच्या करारातच दोन गोष्टी लिहाव्यात: बसवण्याआधी प्रत्येक गठ्ठा सार्वजनिक कोडशी ताडून पाहणारा पगारी तपासनीस, आणि मूळ सांभाळकर्त्यांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम.