वेळ उरल्यास पक्षी!

परवा शेजारचे गृहस्थ नाताळच्या सहलीचा कागद घेऊन आले. कॉर्बेट, तीन दिवस, जीपच्या पाच फेऱ्या. तळाशी पेन्सिलीने लिहिले होते, 'वेळ उरल्यास पक्षी.' वास्तविक मुलीला पक्ष्यांचे वेड, म्हणून तर ही सहल निघालेली!

मला हसू आले नाही. काही वर्षांपूर्वी मीही असाच कागद केला होता. पहाटे जीपमध्ये बसायचे आणि वाघाच्या मागे धावायचे. उद्यानात गाडीतून उतरायला बंदी आहे, ती योग्यच. पण एखाद्या पक्ष्यासाठी थांबायचे तर गाडीतल्या सगळ्यांचे एकमत लागते. ते काही होत नसे. पहिल्याच दिवशी अण्णांची पाठ धरली. दुसऱ्या दिवशी त्यांना कोसी नदीच्या काठी खुर्ची टाकून दिली आणि आम्ही निघालो. परतलो तर म्हणाले, "वाघ दिसला का रे? इथे मात्र एक गोटा चालू लागला!"

तो गोटा म्हणजे आयबिसबिल. राखाडी अंग, काळा चेहरा, छातीवर काळा पट्टा आणि खाली वळलेली लाल चोच. उन्हाळ्यात उंच हिमालयात राहणारा हा पाहुणा थंडीत खाली उतरतो. गोट्यांत तो असा मिसळतो, की हलल्याशिवाय दिसत नाही. धावणाऱ्याला तो दिसणार कसा?

कॉर्बेट हे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान, 1936 सालचे. मधल्या काळात त्याचे नाव 'रामगंगा' होते, आतून वाहणाऱ्या नदीवरून. आपण मात्र नदी विसरलो आणि वाघ तेवढा लक्षात ठेवला.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने रामनगर गाठा. जीपची एकच फेरी ठेवा. बाकीच्या सकाळी उद्यानाच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या कोसीच्या काठी काढा; तिथला वाटाड्या बरोबर घेऊन पायी हिंडता येते. एका जागी तासभर बसा. पाण्यात बुडी मारून तळाशी भक्ष्य शोधणारा डिपर दिसेल, मोठा तुरेवाला खंड्याही दिसेल. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू का, असे कोणी विचारले तर नको म्हणा. आपल्या एका फोटोसाठी त्याने खाणे सोडून नसलेला प्रतिस्पर्धी का शोधावा?

"पण एवढ्या लांब जाऊन वाघ दिसला नाही तर?" शेजाऱ्यांनी विचारले. पाच फेऱ्यांनीही त्याची हमी मिळत नाही. मुलीला मात्र वडिलांबरोबर नदीकाठी तीन निवांत सकाळी नक्की मिळतील, आणि त्या पुन्हा मिळतीलच असे नाही. अण्णांबरोबरची ती माझी शेवटची सहल ठरली.

शेजाऱ्यांनी तीन फेऱ्या खोडल्या. चौथीवरून त्यांच्या घरात अजून वाद चालू आहे.