आधी दुरुस्ती, मग सुधारणा

जुनी वस्तू मनासारखी चालेनाशी झाली, की तिच्यात काहीतरी नवे बसवावे अशी इच्छा आपल्याला लगेच होते. जुने काय झिजले आहे, ते पाहण्याची इच्छा मात्र क्वचितच होते. हा नुसता आळस नव्हे. विचार करण्याच्या पद्धतीतलाच हा दोष आहे, असे माझे मत आहे. आणि यंत्रशास्त्र शिकणाऱ्याला तो परवडणारा नाही. एका मोटारीच्या गिअरच्या दांड्याने मला हे पटवले, म्हणून त्याविषयीच लिहितो.

इंग्लंडमध्ये शिकत असताना माझ्याबरोबर राहणाऱ्या मित्राकडे 'माझदा एमएक्स-५' ही दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार होती. जपानची ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि २०१६ साली तिची दहा लाखावी प्रत तयार झाली. घोडा आणि स्वार जसे एकजीव होतात तसे गाडी आणि चालक व्हावेत, हे तिच्या रचनेमागचे सूत्र. तिच्या गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या पाठीवर उभा असतो. मध्ये तारा नाहीत की जोडदांडे नाहीत. त्यामुळे आतली हालचाल तळहाताला कळते.

मित्राच्या गाडीतला दांडा मात्र खिळखिळा झाला होता. यात कारखान्याचा दोष नव्हता. वीस-पंचवीस वर्षांत रबर आणि प्लास्टिक म्हातारे होणारच. पण मित्राने 'शॉर्ट शिफ्टर', म्हणजे कमी हालचालीत गिअर बदलणारा नवा दांडा, मागवायचे ठरवले होते.

हा दांडा काय करतो? तरफेचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. समजा, टेकूच्या वर दांडा २०० मिलिमीटर आणि खाली ४० मिलिमीटर आहे. खालचे टोक १० मिलिमीटर सरकवायचे तर मूठ ५० मिलिमीटर सरकवावी लागेल. आता खालचा भाग ५० मिलिमीटर केला, तर मूठ ४० मिलिमीटर सरकवून भागते. पण खालच्या टोकाला १०० न्यूटन बल हवे असेल, तर पूर्वी हाताला २० न्यूटन पुरत होते, आता २५ लागतील. कार्य दोन्ही वेळा एकच ज्यूल! म्हणजे अंतर एक पंचमांशाने घटले, तर जोर एक चतुर्थांशाने वाढला. निसर्ग फुकट काही देत नाही. शिवाय दांडा आखूड केला म्हणून झिजलेला भाग भरून येत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार!

आम्ही आधी आत पाहायचे ठरवले. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन पूर्ण थंड. मधला कन्सोल काढला, आजूबाजूची धूळ पुसली, बोल्ट सोडून दांडा वर उचलला. रबरी आवरण फाटले होते. दांड्याच्या खालच्या टोकाची नायलॉनची वाटी झिजून गेली होती. आणि ज्या कोनाड्यात दांडा फिरतो तिथले तेल जवळजवळ संपले होते. हे तेल शंभर मिलिलिटरहूनही कमी लागते. नवी वाटी, नवे रबर, ताजे गिअर ऑइल. एका दुपारचे काम आणि नव्या दांड्याच्या मानाने किरकोळ खर्च. त्यानंतर गिअर असा नेमका पडू लागला, की मित्राने नव्या दांड्याचे नाव काढले नाही.

कोणी म्हणेल, मग सुधारणा करूच नये की काय? तसे मी म्हणत नाही. ज्याला आखूड फेक आवडते त्याने ती खुशाल करून घ्यावी. पण मूळ रचना सुस्थितीत कशी वागते, हे कळल्यावर. त्याआधीची सुधारणा म्हणजे आधी कळस, मग पाया.

आता आपल्याकडे पाहू. तरफेची उदाहरणे आपण परीक्षेत भराभर सोडवतो, प्रॅक्टिकलची जर्नले एकमेकांची पाहून पुरी करतो. पण किती जणांनी हातात पान्हा धरून एखादा बोल्ट सोडवला आहे? बेळगावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत हाताशी असताना ही स्थिती असावी, याचे मला वाईट वाटते. त्यासाठी स्पोर्ट्स कार लागत नाही. भंगारातला एक गिअरबॉक्स कार्यशाळेत आणून ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने तो उघडावा, काय झिजले आहे ते बोटांनी चाचपावे आणि ते का झिजले हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. त्या एका पानाला मी साऱ्या जर्नलाहून अधिक गुण देईन.