समजून घ्या : दहावीतल्या मुलांनी एक दिवस मासळी बाजारात, एक दिवस बँकेत का घालवावा?

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्यांना भिगवण ठाऊक असते ते उजनीच्या मासळीमुळे आणि हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे. इथल्या मुलांच्या तर या दोन्ही गोष्टी रोजच्या नजरेतल्या. जवळच कागद कारखाना आहे, गावातून पुणे-सोलापूर लोहमार्ग जातो, आजूबाजूला ऊस आणि साखर कारखाने, आणि तासाभराच्या आत बारामतीची औद्योगिक वसाहत. कामधंद्यांची एवढी विविधता एका गावाच्या आसपास सहसा सापडत नाही. तरीही दहावीचा निकाल लागला की घरात प्रश्न तोच असतो : सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? उत्तर ठरते टक्क्यांवर, मित्र कुठे प्रवेश घेतो त्यावर आणि पुण्यातल्या एखाद्या मामाच्या सल्ल्यावर.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. म्हणजे भिगवणच्या मुलालाही आता मोबाइलवर पसंतीक्रम भरावा लागतो. पसंतीक्रम भरायची सोय झाली, पण पसंती कशाच्या आधारे ठरवायची? ‘जॉब शॅडोइंग’ हा त्यावरचा एक साधा, जवळपास बिनखर्चाचा उपाय आहे आणि भिगवणसारख्या गावात तो शहरापेक्षा सोपा आहे.

जॉब शॅडोइंग म्हणजे नेमके काय?

एखादी व्यक्ती काम करत असताना विद्यार्थ्याने दिवसभर तिच्या सोबत राहायचे, सावलीसारखे. काम करायचे नाही, बघायचे. मध्येच वेळ मिळाला की प्रश्न विचारायचे. संध्याकाळी काय पाहिले ते लिहून काढायचे. एवढेच.

शाळेच्या सहलीत ५० मुले कारखान्याच्या दारातून आत जातात आणि तासाभरात दुसऱ्या दारातून बाहेर येतात. इंटर्नशिपमध्ये काम करावे लागते आणि त्यासाठी आधी थोडेफार शिकलेले असावे लागते. शॅडोइंग या दोन्हींच्या मधले. त्यात एका माणसामागे एक, फार तर दोन मुले असतात. त्याहून जास्त झाली की ती पुन्हा सहलच होते.

बाजार रोज दिसतो, मग त्यात नवे काय?

भिगवणचा मासळी बाजारच घेऊ. मच्छीमारांनी आणलेली चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम वेगवेगळी होते, वजन होते, लिलाव पुकारला जातो. इथपर्यंतचे बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या कुणालाही दिसते. अडत्याच्या शेजारी दिवसभर बसलेल्या मुलाला त्याच्या पुढचे दिसेल. पुण्यात आज किती माल उतरला हे विचारणारे फोन. बर्फाचा खर्च. मच्छीमाराला दिलेली उचल हिशेबात वळती करताना होणारी घासाघीस. माल उरला तर त्याचे काय करायचे, आणि पैसे नेमके कधी हातात येतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याचा जो आलेख आहे तो इथे आरडाओरड करत उभा असतो.

त्यातल्याच एखाद्या मच्छीमाराला विचारले, की जाळ्यात चिलापीच इतकी का येते, तर गोष्ट आणखी पुढे जाते. मूळचा आफ्रिकेतला हा मासा काटक, भराभर वाढणारा. त्याने जुन्या स्थानिक माशांची जागा खाल्ली. धरणाचे पाणी, त्याचे प्रदूषण, मत्स्यबीज, जाळ्याच्या आसाचा आकार हे सगळे विषय एका टोपलीतून बाहेर येतात. हे ऐकताना ज्या मुलीचे कान टवकारतील तिच्यासाठी पुढचा रस्ता आहे : मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी, बी.एफ.एस्सी. राज्यात रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर इथे त्याची शासकीय महाविद्यालये आहेत. पण त्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून आणि जीवशास्त्र घेऊन व्हावी लागते. ही माहिती दहावीनंतर मिळाली तर उपयोगाची. बारावीनंतर मिळाली तर चुटपुट लावणारी.

पाण्याच्या दुसऱ्या बाजूलाही हेच आहे. कुंभारगाव परिसरात मासेमारी करणाऱ्या काही कुटुंबांनी पक्षी पाहायला येणाऱ्यांना बोटीतून नेण्याचा जोडधंदा उभा केला. पट्टकादंब आणि चित्रबलाक ही नावे त्यांना तोंडपाठ. छायाचित्रकाराला उजेडाच्या कोणत्या बाजूला न्यायचे हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलेले नाही. हंगाम मात्र काही महिन्यांचा असतो. उरलेल्या वर्षाचे गणित कसे जमवायचे, हा प्रश्न सोबत गेलेल्या मुलाने जरूर विचारावा. कुठलाही करिअर मेळावा तो विचारत नाही.

दारातून दिसत नाही ते

रेल्वे स्थानकाचेही तसेच. इंजिन चालवायला इंजिनिअर व्हावे लागते असे पुष्कळ मुलांना वाटते. सहायक लोको पायलटच्या भरतीसाठी दहावी आणि ठरावीक ट्रेडमधला आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका चालते. स्टेशन मास्तर व्हायला मात्र पदवी लागते, शाखा कोणतीही. म्हणजे आर्ट्सला ‘स्कोप नाही’ म्हणणारा शेजारी ज्या स्थानकावर गाडी पकडतो तिथली सूत्रे एखाद्या इतिहासाच्या पदवीधराच्या हातात असू शकतात.

दवाखान्यात ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणून गेलेल्या मुलाला पहिल्यांदा दिसते की डॉक्टरांच्या आजूबाजूला किती कामे आहेत. रक्त तपासणारा तंत्रज्ञ, औषधे देणारा फार्मासिस्ट, क्ष-किरण काढणारा, लसीचा साठा सांभाळणारी परिचारिका. यातली बरीच कामे बारावी विज्ञाननंतर दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाने करता येतात. नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणजे पांढरा कोट गेला असे नाही.

बारामतीजवळ शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करून पाहिला जात आहे. शेतातले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची माहिती आणि त्यावरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणारी सूचना. ‘शेतीत राम नाही’ हे घरात रोज ऐकणाऱ्या मुलाने तिथे माती परीक्षण करणाऱ्यासोबत एक दिवस काढला, तर तो शेतीकडे वळेल असे नाही. पण मोबाइलवरचा कोडिंगचा कोर्स आणि बांधावरचा ऊस या दोन वेगळ्या दुनिया नाहीत, हे त्याला कळेल.

आणि कंटाळा?

तो तर दिसायलाच हवा. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात यशस्वी माणूस येतो आणि आयुष्यातले सर्वोत्तम २० प्रसंग सांगतो. शॅडोइंगमध्ये त्याच माणसाचा एखादा साधा मंगळवार दिसतो. बँकेत दिवसअखेरीस रोकड जुळत नाही तेव्हाचे चेहरे, कारखान्याच्या नियंत्रण कक्षात आठ तास पडद्यावरच्या आकड्यांवर ठेवलेली नजर, वकिलाची कोर्टातली ताटकळ. हे पाहून एखाद्या मुलाने ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे ठरवले तर तो दिवस वाया गेला नाही, उलट घरच्यांची चार वर्षांची फी वाचली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात पहिल्यांदा कारखान्याचा मजला पाहणारे आणि तिथेच आपली चूक लक्षात येणारे पदवीधर महाराष्ट्रात काही कमी नाहीत.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने घेतली. हेतू चांगला होता. पण कुठलीही चाचणी मुलाला त्याची आवडच विचारणार, आणि न पाहिलेल्या कामाची आवड सांगायची कशी?

हे कुठे झाले आहे?

पुणे जिल्ह्यातच याचा एक जवळचा नातेवाईक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, रक्तगट तपासणी असे सगळे. शिकवणारे बहुधा गावातलेच कारागीर. पाबळमध्ये हात चालतात, शॅडोइंगमध्ये डोळे आणि कान. पण सूत्र एकच : गावातला कामकरी माणूस हाही शिक्षक आहे.

जपानमधल्या ह्योगो प्रांताने, म्हणजे कोबे शहराच्या प्रांताने, १९९८ मध्ये याहून मोठे पाऊल उचलले. १९९५ च्या भूकंपाने हादरलेल्या या प्रांतात सरकारी शाळांतल्या आठवीच्या वयाच्या मुलांना पाच दिवस वर्गाबाहेर, गावातल्या दुकानांत, शेतांवर, अग्निशमन केंद्रांत पाठवायला सुरुवात झाली. तो उपक्रम तिथे रुजला. जर्मनीत २००१ पासून ‘गर्ल्स डे’ होतो. त्या दिवशी मुली मुद्दाम अशा कामांच्या ठिकाणी जातात जिथे बायका कमी दिसतात.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी १० दिवस ‘दप्तराविना’ ठेवायला सांगितले आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे असे धोरणात स्पष्ट लिहिले आहे. यात एक पाचर आहे. या दप्तराविना दिवसांची तरतूद आठवीपाशी थांबते आणि निर्णय दहावीनंतर घ्यायचा असतो. नववीची वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचे दिवस, किंवा दहावीची परीक्षा ते निकाल यामधले जवळपास दोन महिने, यासाठी मोकळेच असतात.

कायद्याला चालते का?

बघायला चालते, राबवायला नाही. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात केलेली मदत आणि बालकलाकार हे त्यातले अपवाद. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके आणि घातक प्रक्रियांच्या ठिकाणी लावता येत नाही. त्यामुळे ‘आलाच आहेस तर दोन पोती उचल’ हे वाक्य ऐकू आले की शॅडोइंग संपले असे समजावे. कागद कारखान्यात जायचेच तर प्रयोगशाळेत किंवा नियंत्रण कक्षात, यंत्राच्या तोंडाशी नव्हे. दवाखान्यात रुग्ण तपासणीच्या खोलीत मुलांना बसवू नये आणि बँकेत खातेदारांचा पडदा त्यांना दाखवू नये.

पाण्याबाबत तर कसलीच सवलत नको. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. कळाशी इंदापूर तालुक्यातलेच. लाइफ जॅकेट नसेल तर मुलाने काठावरूनच बघावे. पालकांचे लेखी संमतीपत्र, शिक्षकाचा दिवसातून एक फोन, आणि मुलगी असो वा मुलगा, बंद खोलीत एकट्याने कुणासोबत थांबायचे नाही, एवढे नियम कागदावर हवेत.

खरी अडचण कुठे आहे?

डॉक्टरांचा मुलगा लहानपणापासून दवाखान्यात खेळतो. वकिलाची मुलगी जेवताना खटले ऐकते. त्यांचे शॅडोइंग फुकटात, घरबसल्या झालेले असते. मच्छीमाराचा मुलगा जाळे ओढून शाळेत येतो, ऊसतोड कुटुंबातल्या मुलीला कोयता ओळखीचा असतो. काम म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. त्यांना बघायची आहे ती बँकेच्या काउंटरची आतली बाजू, आणि तिथे जायला ‘ओळख’ लागते.

म्हणून ‘ज्याने त्याने आपापली सोय करावी’ असे म्हणून शाळेने अंग काढून घेतले, तर ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचाच फायदा होईल. उरलेल्यांनी वडिलांसोबतचा फोटो चिकटवून प्रकल्पवही भरायची. दुसरा धोका आपल्याकडच्या नेहमीच्या उत्साहाचा : बॅनर, नारळ, मान्यवरांचा सत्कार, व्हॉट्सॲप ग्रुपवर ४० फोटो आणि मुलाच्या वहीत तीन ओळी.

यावर तोडगा अदलाबदलीचा आहे. वर्गात ४० मुले असतील तर ४० घरे आणि जवळपास तेवढेच कामधंदे असतात. प्रत्येक पालकाने वर्षातून एकदा, आपल्या नव्हे तर दुसऱ्याच्या दोन मुलांना सोबत न्यायचे. बँक अधिकाऱ्याची मुलगी मासळीच्या लिलावाला जाईल आणि मच्छीमाराचा मुलगा बँकेत. गॅरेजवाल्याकडे शिक्षकांचा मुलगा, दवाखान्यात गॅरेजवाल्याची मुलगी. घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या आईचे नावही या यादीत असायला हवे. दिवसाची मजुरी न बुडवता सोबत कोण येऊ शकेल, हे तिला विचारून ठरवता येते.

वेगळे सर्वेक्षणही लागणार नाही. बहुतेक शाळांच्या प्रवेश अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ असा रकाना असतोच. भरलेले अर्ज कार्यालयाच्या कपाटात आहेत.