टेरिअर जातीच्या निरोगी पिल्लांच्या खरेदी-विक्रीबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : श्वान प्रजनन व विपणन नियम, 2017 यांची अंमलबजावणी खरेदीदाराला पडताळून पाहता येईल अशा रीतीने करण्याबाबत.

महोदय,

आम्ही पुणे शहर व परिसरातील श्वानपालक आहोत. आमच्यापैकी काहींच्या घरी जॅक रसेल, यॉर्कशायर किंवा फॉक्स टेरिअर आहे, काही जण पिल्लाच्या शोधात आहेत. टेरिअर म्हटले की सोसायटीतली मंडळी पिटबुल समजून दचकतात. केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 जातींविरुद्ध काढलेल्या पत्राने त्यात भरच पडली. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले, ही बातमी मात्र फारशी कोणी वाचली नाही. असो, आमचे गाऱ्हाणे वेगळे आहे.

चांगले पिल्लू कोणाकडे मिळेल, असे विचारले की उत्तर येते, "केसीआय पेपरवाले घ्या." केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा पेपर घ्यावाच, पण तो वंशावळीचा दाखला असतो, आरोग्याचा नव्हे. आई-बाप नोंदणीकृत आहेत एवढेच त्यावरून कळते. मादी किती वेळा व्याली, पिल्लू किती आठवड्यांचे असताना तिच्यापासून तोडले, हे त्यावरून समजत नाही. ते समजावे म्हणून 2017 चे केंद्रीय नियम आहेत. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, मादी किमान 18 महिन्यांची हवी, तिची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते होऊ नयेत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे ते सांगतात. नियम चांगले आहेत. फक्त समोरचा विक्रेता ते पाळतो की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग ग्राहकाकडे नाही.

म्हणून नोंदणीकृत ब्रीडरांची जिल्हावार यादी विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावी आणि ती दर तिमाहीला अद्ययावत ठेवावी, अशी आमची पहिली मागणी आहे. पिल्लाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल, तर ती जाहिरातच तक्रारीला पुरेशी मानावी.

वयाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पाच आठवड्यांचे पिल्लू बाहुलीसारखे दिसते आणि पटकन विकले जाते, म्हणून लसीकरणाच्या कार्डावर वय वाढवून लिहिले जाते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, लशीचा परिणाम अजून पुरता झालेला नसतो, आणि नेमक्या त्याच काळात पिल्लू खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीने रात्रभर प्रवास करते. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. तपासणीत पार्व्हो हा विषाणूजन्य आजार निघतो. विक्रेता म्हणतो, लागण तुमच्याच घरी झाली. वास्तविक पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहूनही अधिक. तेव्हा घरी आल्यापासून पहिल्या काही दिवसांत आजारी पडणाऱ्या पिल्लाने बहुतेक वेळा रोग सोबतच आणलेला असतो. विक्रीनंतर पंधरा दिवसांत पार्व्हो निष्पन्न झाल्यास उपचाराचा खर्च किंवा घेतलेली रक्कम विक्रेत्याने द्यावी, अशी अट नोंदणीतच घालावी. दुधाच्या दातांवरून पिल्लाच्या वयाचा अंदाज पशुवैद्यकाला बांधता येतो. त्यामुळे विक्रीच्या वेळचा दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सहीचा असावा, त्यावर पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक असावा आणि आईचाही असावा.

आईचा आग्रह आम्ही उगीच धरत नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून 'लूसीज लॉ' लागू आहे. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दुकानदार किंवा दलालामार्फत तिथे विकता येत नाही. घ्यायचे तर थेट ब्रीडरकडून आणि आईसोबत पाहून, नाहीतर निवारागृहातून. आपल्याकडे पिल्लू भररस्त्यात एखाद्या चौकात गाडीतून हातात ठेवले जाते आणि "आई गावी आहे" असे सांगितले जाते. पिल्लाचा व्यवहार ब्रीडरच्या जागेवर आणि आई समोर असतानाच व्हावा, असा आदेश राज्याने काढावा.

टेरिअरपुरते आणखी एक. जॅक रसेल व फॉक्स टेरिअरमध्ये डोळ्याचे भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. कुत्रे तीन ते आठ वर्षांचे झाल्यावर तो उघड होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. दोन्ही पालकांची जनुकीय चाचणी आधी करून त्यानुसार जोडी निवडली, तर असे पिल्लू जन्माला येणे टाळता येते. पांढऱ्या बुल टेरिअरमध्ये जन्मजात बहिरेपणा दिसतो आणि त्याची श्रवणचाचणी पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून करता येते. परळ, शिरवळ व नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत या दोन्ही चाचण्या परवडणाऱ्या दरात उपलब्ध कराव्यात. 'टीकप यॉर्की' नावाची कोणतीही मान्य जात नाही. मुद्दाम खुजी पैदास केलेल्या या पिल्लांची रक्तातली साखर अचानक घसरते. त्या नावाने होणाऱ्या जाहिराती बंद कराव्यात.

शेवटी दंडाबद्दल. 2017 चे नियम ज्याखाली केले आहेत, त्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. टेरिअरचे पिल्लू हजारोंत विकले जाते, मग या रकमेला कोण भिणार? हा केंद्राचा कायदा आहे, राज्य काय करणार, असे उत्तर कृपया देऊ नये. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शर्यतीसाठी जे जमले, ते मुक्या पिल्लांसाठीही जमेल. तसा प्रस्ताव विभागाने शासनाकडे पाठवावा.

या निवेदनावर झालेली कार्यवाही आम्हाला तीस दिवसांत लेखी कळवावी आणि चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
पुणे शहर व परिसरातील श्वानपालक

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. अध्यक्ष, राज्य प्राणी कल्याण मंडळ
मा. जिल्हाधिकारी, पुणे