मुद्दाम, जाणूनबुजून, ठरवून

परवा फोंड्याला एका साहित्यिक कार्यक्रमानंतर चहा घेताना एक प्राध्यापक म्हणाले, "डेलिबरेट, इंटेन्शनल, ऑन पर्पज हे इंग्रजीत तीन वेगळे शब्द. मराठीत तिन्हींना एकच, मुद्दाम. आपली भाषा भावनेची हो, विचाराची नव्हे." भोवतालच्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प राहिलो. तो राग आज इथे काढतो.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी नेमक्या याच तीन इंग्रजी शब्दांवर निबंध लिहिला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ साली प्रसिद्ध झाला. दिसायला समानार्थी असलेले हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे त्यांनी साध्या घरगुती उदाहरणांनी दाखवलं. डेलिबरेटच्या मुळाशी लॅटिनमधला तराजू आहे असं मानतात. त्यात तोलून-मापून केल्याचा भाव. इंटेन्शनच्या मुळाशी एखाद्या दिशेने ताणणं, रोख धरणं. पर्पज म्हणजे पुढे मांडलेलं साध्य. ऑस्टिननी काय केलं हे नीट बघा. त्यांनी परका शब्द आणला नाही. आपल्याच भाषेतली रोजची नाणी हातात घेऊन वाजवून पाहिली.

आपण आपली कधी वाजवली?

कोणी सभेला मुद्दाम उशिरा येतो, कोणी जाणूनबुजून येतो, कोणी ठरवून येतो. तिन्ही एकच का? जाणूनबुजून येणाऱ्याला परिणाम ठाऊक असतो, पण तोच त्याला हवा असेल असं नाही. ठरवून येणाऱ्याने निर्णय आधीच घेतलेला असतो, कदाचित चौघांनी मिळून. मुद्दाम येणाऱ्याचा रोख कुणावर तरी असतो. 'विचारपूर्वक' म्हणजे तोलून केलेलं, आणि त्यात शाबासकी आहे. 'हेतुपुरस्सर' या शब्दात तर हेतू अक्षरशः पुढे चालतो. इंग्रजी पर्पजचा हा सख्खा भाऊ! आणि "तुझ्यासाठी मुद्दाम मानकुराद घेऊन आले" असं मावशी म्हणते, त्या मुद्दामला डेलिबरेट लावून बघा. मावशीवर गुन्हा दाखल होईल.

पण खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजीला इतकी क्रियाविशेषणं लागतात, कारण तिथे 'आय ब्रोक द कप' हे वाक्य हातातून निसटलेल्या कपालाही चालतं आणि भिंतीवर आपटलेल्या कपालाही. मराठीत 'कप फुटला', 'माझ्याकडून कप फुटला' आणि 'मी कप फोडला' या तीन वेगळ्या कबुल्या आहेत. 'सांगून ठेवलं' यात पुढची तजवीज आहे, 'सांगून टाकलं' यात सुटका आहे, 'सांगून बसलो' यात पस्तावा आहे. हेतू आम्ही क्रियापदाच्या पोटात ठेवतो. इंग्रजीच्या मापाने मोजलं की तो दिसत नाही, आणि मग आमचे विद्वान म्हणतात, मराठीत नाहीच!

हा केवळ शब्दांचा छंद आहे असं कुणाला वाटेल, म्हणून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका किरकोळ मारामारीच्या खटल्यात मी साक्षीदार होतो. "त्याचा धक्का लागून म्हातारा पडला," असं मी मराठीत सांगितलं. इंग्रजीत टंकलेलं जे माझ्यापुढे आलं, त्याचा अर्थ होता, "त्याने म्हाताऱ्याला ढकललं." मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून दुरुस्त करून घेतलं. माझ्यानंतर साक्ष देणाऱ्या बाईला येत नव्हतं. साक्ष वाचून दाखवावी, साक्षीदाराला ती भाषा कळत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून द्यावी, अशी तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, नव्या संहितेतही आहे. पण लागलेला आणि दिलेला यांतला फरक समजावणाऱ्याला स्वतःला तरी कळायला हवा ना?

इंग्रजी कायद्याची अचूकता म्हणाल, तर तीही आकाशातून पडलेली नाही. १८६०च्या दंडसंहितेला 'व्हॉलंटरिली' या साध्या शब्दाची मुद्दाम व्याख्या करावी लागली. दरोडा सोपा व्हावा म्हणून रात्री कोणी वस्तीतल्या घराला आग लावली आणि आत माणूस मेला. मारायचा हेतू नव्हता, उलट त्याला वाईटही वाटलं. पण असा मृत्यू संभवतो हे ठाऊक असेल, तर तो मृत्यू त्याने व्हॉलंटरिलीच घडवला, असं कायदा सांगतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे. आमचा 'जाणूनबुजून' हेच सांगत आला आहे, व्याख्येशिवाय. कायद्याच्या मराठीने मात्र तिथे 'इच्छापूर्वक' बसवलं. त्या दरोडेखोराची इच्छा कुठे होती?

आता आपल्याच घरातला केर. आमचं व्याकरण लपायलाही जागा देतं. "चूक झाली", "शब्द निघून गेला", "निर्णय घेतला गेला"! झाडावरून नारळ पडावा तसे निर्णय पडतात आणि खाली कोणीच उभा नसतो. सत्तेवरच्या माणसाने 'झालं' म्हटलं की "झालं, की केलंत?" असं विचारणं हे मराठी वाचकाचं काम आहे. तो प्रश्न दोन शब्दांत विचारता येतो, ही भाषेची ताकद.

गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्यापासून आपण मराठीच्या खुर्चीसाठी भांडतो आहोत. भांडावंच. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्या भाषेतले शब्द आपणच बोथट होऊ देतो. बातम्यांत सरसकट 'हेतुपुरस्सर', घरात सरसकट 'डेलिबरेटली'. वापर नसला की धार जाते, आणि मग धार नाही म्हणून सुरी फेकून देतो.

प्राध्यापकसाहेब, त्या दिवशी मी गप्प राहिलो ते चुकून. हे लिहिलं ते मुद्दाम.