नोकरीही गेली, वर करही आला

कारखान्याला टाळे लागते, नाहीतर सरकारी कंपनी ‘स्वेच्छानिवृत्ती’चा कागद पुढे करते. त्या दिवशी कामगाराला एक रकमेचा आकडा सांगितला जातो आणि घरातली माणसे त्यात मुलीचे शिक्षण, घराचे कर्ज, आईचे औषधपाणी बसवू लागतात. आयकर खाते या रकमेला काय म्हणते, हे मात्र सही घेताना कोणी सांगत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १७(३) तिला ‘पगाराऐवजी मिळालेला लाभ’ म्हणते. ज्याची भाकरी गेली त्याची भरपाई कायद्याच्या लेखी लाभ ठरते! या एका शब्दातच व्यवस्थेची नजर दिसते.

या लाभातून थोडी सूट मिळते. कामगार कपात झाली तर औद्योगिक विवाद कायद्यातील सूत्राने, म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे येणारी रक्कम करमुक्त असते. पण ५ लाखांपर्यंतच. स्वेच्छानिवृत्तीलाही ५ लाखांचीच मर्यादा, आणि ती सूट आयुष्यात एकदाच. केंद्र सरकारने खास मान्यता दिलेल्या कपातीच्या योजना सोडल्या, तर संघटनेने भांडून कायद्यापेक्षा जे जास्त पदरात पाडून घेतले ते सगळे करपात्र होते. कायद्याने फेकलेला तुकडा करमुक्त आणि लढून मिळवलेला हक्क करपात्र, असा हा न्याय आहे.

कोणी म्हणेल, आता १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर नाही, मग कामगाराला झळ कुठे लागते? त्यासाठी साधा हिशेब करून पाहू. महिना ४५ हजार पगार, २२ वर्षे सेवा झालेली, निवृत्तीला पाच वर्षे उरलेली. वर्षाचा पगार ५ लाख ४० हजार. यावर नव्या करप्रणालीत कर शून्य. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या मध्यावर तो २२ लाख घेऊन स्वेच्छानिवृत्त झाला असे धरू. ५ लाख करमुक्त, उरलेले १७ लाख आणि सहा महिन्यांचा पगार २ लाख ७० हजार मिळून १९ लाख ७० हजार. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उत्पन्न १८ लाख ९५ हजार. त्यावर कर १ लाख ७९ हजार, उपकरासह १ लाख ८६ हजार १६०. नोकरीत असताना ज्याला एक रुपयाही कर नव्हता, त्याच्याकडून नोकरी गेली त्याच वर्षी पावणेदोन लाखांहून जास्त वसूल होतात. सुमारे चार वर्षांच्या पगाराइतकी रक्कम एका वर्षात दिली, म्हणून कायद्याने त्याला एका वर्षापुरता श्रीमंत ठरवले.

अशा एकरकमी रकमेवरचा कर हलका करण्यासाठी त्याच कायद्यात कलम ८९ आहे. किमान तीन वर्षे सेवा झालेली आणि तेवढीच उरलेली असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या करदराची सरासरी लावून सवलत मिळते. मात्र विवरणपत्राआधी फॉर्म १०ई भरावा लागतो. पण स्वेच्छानिवृत्तीत ५ लाखांची सूट घेतली की ही सवलत मिळत नाही. दोन्हींपैकी एकच वाट. कोणती फायद्याची, हा हिशेब विवरणपत्र भरण्यापूर्वी झाला पाहिजे. कंपनीजवळ त्यासाठी सल्लागारांची फौज असते. कामगाराजवळ कोण असते?

आता ५ लाखांच्या या आकड्याचे वय बघा. कपातीच्या भरपाईची ही मर्यादा १ जानेवारी १९९७ पासूनची आहे. दरम्यान ग्रॅच्युइटीची करमुक्त मर्यादा २०१८ मध्ये १० लाखांवरून २० लाख झाली. खासगी नोकरदाराच्या रजा रोखीकरणाची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून एकदम २५ लाख झाली. त्याचे स्वागतच आहे. पण न घेतलेल्या रजेला २५ लाखांचे संरक्षण आणि गेलेल्या नोकरीला ५ लाखांचे, हे कोणते अर्थशास्त्र? २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने शेकडो कलमांची भाषा सोपी केली, पण स्वेच्छानिवृत्तीची ५ लाखांची मर्यादा तशीच उचलून ठेवली.

या करसवलतीच्या पोटात आणखी एक अट दडलेली आहे, आणि आपल्या वाचकांनी ती नीट समजून घ्यावी. १९६२ च्या आयकर नियमांतील नियम २बीए सांगतो की, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम करमुक्त व्हायची असेल, तर योजनेमुळे एकूण कर्मचारीसंख्या घटली पाहिजे आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरता कामा नये. म्हणजे कामगाराला करात सूट हवी तर त्याची जागा मेली पाहिजे. केंद्रीय उपक्रमांत अखिल भारतीय थेट भरतीत अनुसूचित जाती १५, जमाती साडेसात आणि इतर मागासवर्ग २७ टक्के, असे आरक्षण आहे. जागा मेली की बिंदुनामावलीतला बिंदूही मेला. आरक्षण रद्द करायला संसदेत ठराव लागत नाही. जागाच पुरली की काम भागते. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधून सुमारे १४ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. खाउजा धोरणाने जे केले, त्याला करकायद्याने असा हातभार लावला.

आणि जो कंत्राटी आहे त्याचे काय? कपातीची भरपाई मागायला वर्षभराची सलग सेवा, म्हणजे २४० दिवसांचे काम सिद्ध करावे लागते. कंत्राटदार मध्येच खंड दाखवतो, नावे बदलतो. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मिळवावा लागला. हातात झाडू असलेल्या या माणसाला कराची चिंता नाही, कारण त्याला भरपाईच मिळत नाही. करसूट नोंदीत असलेल्याला, आणि नोंद मालकाच्या हातात!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना जमीन महसुलावर हल्ला चढवला होता. आयकर ऐपत पाहून घेतला जातो, पण महसूल मात्र शेतकऱ्याची कमाई कितीही तुटपुंजी असली तरी वसूल होतो, हा त्यांचा आक्षेप होता. कर ऐपतीवर असावा, हे त्यांचे सूत्र आज या भरपाईला लावून बघा. नोकरी गेलेल्या माणसाची ऐपत वाढते की घटते?

म्हणून कामगार संघटनांनी आणि चळवळीने मागण्या स्पष्ट ठेवल्या पाहिजेत. कपात आणि स्वेच्छानिवृत्तीची करमुक्त मर्यादा रजा रोखीकरणाइतकी, म्हणजे २५ लाख करा. वरच्या उदाहरणातल्या कामगाराचा कर त्याने शून्य होईल. ५ लाखांची सूट घेणाऱ्यालाही सरासरीची सवलत द्या. जागा न भरण्याची अट राखीव जागांना लावू नका आणि प्रत्येक योजनेत किती राखीव बिंदू संपले ते जाहीर करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगीचे बंधन १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून पुढेच ठेवले आहे. म्हणजे कामगाराला काढणे सोपे झाले. काढणे सोपे करणाऱ्या सरकारने काढलेल्या माणसाच्या भरपाईतून वाटा मागू नये.